सेकंडहँड बाईक बघायला जातोय, आणि 12 वर्षांनी हँडल हातात धरणार आहे

तिसरा_गिअर:
मंडळी नमस्कार. कॉलेजात असताना बाईक चालवायचो, मग नोकरी लागली, मग कार आली, मग मुलं, असं करत करत 12 वर्षं बाईकला हात लावला नाही. आता ऑफिस घराजवळ आलंय आणि कार पार्क करायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात बाईकवर जाऊन पोचेन. नवी घ्यायची नाही, कारण पहिल्या काही महिन्यांत मी ती कुठेतरी आडवी करणार हे मला आत्ताच माहितीये. एक 150 सीसीची बघून ठेवलीये. 8 वर्षं जुनी, मीटरवर 18 हजार किलोमीटर, मालक म्हणतो एकहाती वापर, फक्त ऑफिसला जाऊन-येऊन. फोटोत एकदम चकाचक. रविवारी बघायला जायचंय.
तर प्रश्न दोन. तिथे उभं राहून नेमकं बघायचं काय, म्हणजे नुसतं टाकीवर टिचक्या मारून मान हलवणं सोडून? आणि दुसरं, इतक्या वर्षांनी चालवायला बसल्यावर माणूस काय काय विसरलेला असतो?

किकमारे:
"फक्त ऑफिसला जाऊन-येऊन" हे वाक्य जिच्याबद्दल बोललं गेलं नाही अशी सेकंडहँड बाईक अजून कारखान्यातून बाहेर पडायची आहे.

सुटा_बोल्ट:
पहिली गोष्ट, आजच फोन करून सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. आणि पोचल्या पोचल्या गप्पा मारत मारत इंजिनाजवळ हात न्या. गरम लागलं तर समजा तुम्हाला काहीतरी दिसू नये अशी व्यवस्था झालीये. गार इंजिन खोटं बोलत नाही हो, किती किका लागतात, धूर येतो का, खडखड किती, सगळं पहिल्या मिनिटात कळतं. गरम झालं की सगळ्याच गाड्या शहाण्या होतात.
धुराचं सोपं आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो बहुतेक वेळा कमी पैशात सुटतो. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ आली तर घाबरू नका, सायलेन्सरमधलं पाणी असतं ते.
आता मीटर. 8 वर्षांत 18 हजार म्हणजे वर्षाला सव्वादोन हजार, रोजचे 6 किलोमीटर. होऊ शकतं, नाही असं नाही. पण मग बाकीच्या गाडीनेही तेच सांगितलं पाहिजे. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडलचं रबर, गिअर लिव्हर, हँडलच्या मुठी बघा. मीटर फिरवणारा माणूस पेडलचं रबर बदलायचं विसरतो. ब्रेकच्या डिस्कवर कडेने नख फिरवा, कड उंच लागली म्हणजे डिस्क झिजलीये, आणि डिस्कवरच कमीत कमी जाडी किती हवी ते कोरलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, 2319 असेल तर 2019 सालचा 23वा आठवडा. समजा मागचा टायर गाडीइतकाच जुना निघाला आणि नक्षी शिल्लक आहे, तर मीटर खरं असायची शक्यता वाढते (टायर मात्र बदलावाच लागेल, रबर कडक झालेलं असतं). आणि टायर दोन वर्षांपूर्वीचा निघाला तर सहज विचारा, 18 हजाराच्या आत पहिला टायर कसा काय संपला बुवा.

उंटावरचा:
कशाला एवढा व्याप? ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा, तो पाच मिनिटांत सांगेल. हे सगळं वाचून माणूस तिथे जाऊन नख फिरवत बसणार आणि मालकाला वाटणार हा काय हात बघणारा आलाय का.

सुटा_बोल्ट:
@उंटावरचा, मेकॅनिक न्यावाच, माझं काही म्हणणं नाही. पण पुढचं काम आपल्यालाच मिळणार हे माहीत असलेला माणूस गाडी घेऊ नका असं किती वेळा म्हणतो ते मोजून बघा.

वंगण:
दोघांचंही बरोबर :) मेकॅनिक इंजिन ऐकतो, आपण बाकीचं बघायचं. माझं ऐकाल तर आधी चेन बघा, ती मालकाची कुंडलीच असते. गंजलेली, सुकलेली, नाहीतर वर्षभराची धूळ आणि ग्रीस मिळून डांबर झालेली चेन असेल तर ज्याने डोळ्यांना दिसणारी गोष्ट सांभाळली नाही त्याने न दिसणारं ऑइल वेळेवर बदललं असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही. मागच्या स्प्रॉकेटवर (चेन जिच्यावर बसते ती दातेरी चकती) चेन बोटांनी मागे ओढून बघा, दात उघडा पडण्याइतकी सुटली तर चेनसेट गेला. दात एका बाजूला झुकून शार्कच्या पंखासारखे दिसत असतील तर तेच.
मग चाक हळूहळू फिरवत तीनचार ठिकाणी चेन वर-खाली करून बघा. एके ठिकाणी ताणलेली आणि एके ठिकाणी ढिली असेल तर ती असमान ताणली गेलीये, कितीही अॅडजस्ट करा सुधारत नाही.

अबोली:
माझा अनुभव सांगते, त्यावरून काय ते ठरवा. मी घेतलेली पहिली सेकंडहँड बाईक म्हणजे नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. नवा रंग, नवी सीट, नवे आरसे. चालवताना जरा एका बाजूला ओढायची, मला वाटलं हवा कमी असेल. मग वाटलं चाकाचं अलाइनमेंट. दोन टायर खाल्ले तिने असे वाकडे. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी टाकी काढून दाखवलं, हँडलच्या मागे चॅसिसच्या मानेवर वेल्डिंग केलेलं, वर छान रंग मारलेला. समोरून कुठेतरी जोरात आपटलेली गाडी होती ती.
तेव्हापासून मी एक गोष्ट बघितल्याशिवाय पुढे जात नाही. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवलं की जिथे अडतं तिथे फ्रेमवर एक छोटा खुंट असतो, दोन्ही बाजूंना. तो चेपलेला, किंवा तिथला रंग उडालेला असेल तर ते हँडल कधीतरी फार जोरात वळलंय, आणि तसं ते पडल्याशिवाय वळत नाही. लिव्हरची टोकं नवी आणि बाकी गाडी जुनी, हेही तेच सांगतं. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, चकचकीत नळ्यांवर बोट फिरवा, ऑइल लागलं तर सील गेलंय, खड्डे लागले तर नवं सीलही टिकणार नाही.

किकमारे:
आणि मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध आल्यावर टक्कन अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. हा मुद्दा सांगायचा मान मला हवा होता म्हणून घाईघाईत लिहितोय.

रिझर्व्हवर:
आम्ही टू स्ट्रोकच्या जमान्यातले, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचो आणि निळा धूर म्हणजे गाडीची तब्येत चांगली असं समजायचो, त्यामुळे बोल्टरावांचं वाचून गंमत वाटली. कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, नंबरच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर तिथूनच मागे फिरा. गाडीवर कर्ज बाकी आहे का ते विचारा, फिटलं असेल तर फिटल्याचा कागद बघा. आणि नाव बदलेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. सज्जन माणसालाही पैसे मिळाल्यावर सही करायला वेळ मिळत नाही.

तिसरा_गिअर:
धन्यवाद सगळ्यांना, वहीत उतरवून घेतोय. दुसऱ्या प्रश्नावर पण बोला कुणीतरी. गाडी चांगली मिळाली आणि मीच सेकंडहँड निघालो तर काय उपयोग.

धाकटी_पाती:
दादा, एकच लक्षात ठेवा, पुढचा ब्रेक वापरायचा नाही. आमच्या वडिलांनी शिकवलंय, पुढचा मारला की माणूस हँडलवरून उडतो. मी 9 वर्षं फक्त मागच्यावर चालवतोय, काही झालं नाही.

हाफक्लच:
@धाकटी_पाती, राग मानू नका, पण काही झालं नाही याचा अर्थ अजून खरोखर ब्रेक मारायची वेळ आली नाही इतकाच आहे.
ब्रेक लागला की सगळं वजन पुढे जातं, हे तुम्हालाही हातांवर जाणवत असेल. म्हणजे पुढचं चाक रस्त्यावर घट्ट दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक जास्त थांबवू शकत नाही, ते फक्त लॉक होऊन घसरतं. कोरड्या रस्त्यावर थांबवायचं बहुतेक काम पुढचाच करतो, मागचा हाताशी मदतनीस. फक्त मागच्यावर थांबायला दोन्ही ब्रेकच्या मानाने साधारण दुप्पट अंतर लागतं.
आकड्यात सांगतो. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. समोर काहीतरी आलंय हे डोक्यात शिरून हात हलेपर्यंत एक सेकंद, म्हणजे 17 मीटर असेच गेले. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट मारले तर चांगल्या रस्त्यावर 20 एक मीटर. एकूण 37. हेच 30 च्या वेगाला सगळं मिळून 13 मीटरात आटपतं, कारण वेग अर्धा झाला की ब्रेकचं अंतर चौथाई होतं. आता यात फक्त मागचा वापरून ते 20 चे 40 करा आणि समोर कोण उभं आहे याचा विचार करा.
वडील म्हणतात ते अगदीच खोटं नाही. एकदम झडप घालून दाबला तर पुढचं चाक लॉक होतं आणि माणूस पडतो. म्हणून आधी लिव्हरमधला ढिलेपणा काढायचा, वजन पुढे येऊ द्यायचं, मग दाब वाढवत जायचा. ओला स्पंज पिळतो तसं. आणि हँडल सरळ असताना. हळू वेगात हँडल वळलेलं असताना पुढचा दाबला तर गाडी जागच्या जागी आडवी होते, हे तिसरा_गिअरभाऊंनी विशेष लिहून घ्यावं, परत सुरू करणारे सगळे यातच पडतात.

वंगण:
+1. 1981 चा बाईक अपघातांवरचा तो हर्ट रिपोर्ट आहे ना, लॉस एंजेलिसमधले 900 अपघात जागेवर जाऊन तपासलेले, त्यातही हेच निघालं होतं. लोक घाबरून मागचा दाबून ठेवतात, चाक घसरवतात, आणि पुढचा जेवढा वापरायला हवा तेवढा वापरतच नाहीत.

धाकटी_पाती:
खडीवर पुढचा मारून दाखवा मग, व्हिडिओ टाका.

हाफक्लच:
खडीवर, वाळूवर, ओल्या रंगाच्या पट्ट्यांवर हलक्या हाताने, हे मान्य. तिथे एबीएससुद्धा (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चमत्कार करत नाही, सुट्या खडीवर कधी कधी अंतर वाढतंच. पण खडीसाठी वेगळा हात लागतो म्हणून डांबरावरपण तोच हात वापरायचा का? एकदा मोकळ्या मैदानात 20 च्या वेगाने सुरू करून बघा, मग 30, मग 40. वडिलांना सांगू नका.

अबोली:
वळणाचंही सांगा कुणीतरी. हँडल डावीकडे ढकललं की गाडी डावीकडे जाते हे मला कळायला 5 वर्षं गेली.

उंटावरचा:
डावीकडे वळवलं की डावीकडेच जाणार ना, यात काय कळायचं?

अबोली:
वळवलं नाही हो, ढकललं. डावी मूठ पुढे ढकलायची. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळतं आणि गाडी डावीकडे कलते. चालत्या वेगात बाईक अशीच वळते, सायकलपण. सगळे नकळत करतातच, पण अचानक समोर खड्डा आला की नकळत करणारा माणूस गोठतो आणि जाणून करणारा मूठ ढकलून बाजूला होतो.

सुटा_बोल्ट:
विमानवाल्या राईट बंधूंपैकी विल्बरने हे नोंदवून ठेवलंय, त्यांचं सायकलचं दुकान होतं. त्याने किती तरी सायकलस्वारांना विचारलं तुम्ही डावीकडे कसे वळता, आणि जवळजवळ सगळ्यांनी उंटावरचा यांच्यासारखंच उत्तर दिलं :D

उंटावरचा:
बरं झालं, मी निदान बहुमतात आहे.

रिझर्व्हवर:
आणि नजर. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल, जिथून निसटायचं तिथे बघा. एवढं एक मी नातीला सायकलपासून शिकवलंय.

वंगण:
अवांतर आहे पण राहवत नाही. गाडी घेतल्यावर आधीच्याने काय ऑइल घातलं होतं हे विचारत बसू नका, काढून नवं घाला, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (बाईकच्या ऑइलचं मानक) लिहिलंय ना ते बघा. बाईकचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. माझ्या मेव्हण्याने उरलेलं कारचं ऑइल वाया जायला नको म्हणून बाईकमध्ये घातलं, त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, क्लचप्लेटा घसरायला लागल्या. ओतलेलं ऑइल वाचलं, प्लेटा गेल्या.
चेनला मॅन्युअलमध्ये असेल तेवढा ढिलेपणा ठेवा, साध्या बाईकला बहुतेक 25 ते 35 मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि मोजायचा तो सगळ्यात ताणलेल्या जागी. लोकांना घट्ट चेन बघून समाधान वाटतं. पण आपण बसलो, खड्ड्यात गेलो की मागचं चाक धरणारा हात (स्विंगआर्म) वर होतो आणि चेन आणखी ताणते, मग तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. ओ-रिंगवाली चेन पेट्रोलने धुवू नका, रिंगा फुगतात. रॉकेल चालतं.
आणि हे हात जोडून सांगतो: इंजिन चालू करून गिअर टाकून फिरत्या चेनला फडका लावू नका. माझ्या ओळखीच्या एकाच्या उजव्या हाताचं एक बोट आता नाही. हाताने चाक फिरवा, दहा मिनिटं जास्त लागतील.

किकमारे:
टॅपेटच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आवाजावर पण दोन शब्द टाका, नाहीतर हा माणूस थोडी टिकटिक ऐकून घाबरून पळून येईल.

सुटा_बोल्ट:
थोडी टिकटिक असलेली बरी. ढिला टॅपेट आवाज करतो, घट्ट टॅपेट गप्प बसतो आणि व्हॉल्व्ह जाळतो. अति शांत इंजिन बघून खूष होणाऱ्यांनी हे वाचावं. खालून येणारी ठकठक मात्र वेगळी, ती ऐकली की नमस्कार करून निघा.

तिसरा_गिअर:
रविवारचा वृत्तांत. काल फोन करून सांगितलं होतं चालू करू नका म्हणून. गेलो, गप्पा मारत हात नेला, आणि भाजला. मालक म्हणाले धुवायला नेली होती. मी म्हटलं हरकत नाही, गार होऊ दे, थांबतो. तेवढ्यात त्यांना कुठेतरी निघायचं होतं. ते तयार होईपर्यंत हँडल दोन्हीकडे वळवून बघितलं, उजवीकडचा खुंट चेपलेला आणि रंग फुटलेला. अबोलीताई, तुम्हाला साष्टांग. मागे फिरलो.
येताना अजून एक बघितली. 11 वर्षांची, 41 हजार किलोमीटर, टाकीवर चरे, सीट शिवलेली, दिसायला काही खास नाही. पण गृहस्थांनी वही काढली, प्रत्येक ऑइल, प्रत्येक प्लग, टायर, सगळं तारीख आणि किलोमीटर घालून लिहिलेलं. चेन स्वच्छ. इंजिन थंडगार. दुसऱ्या किकला चालू झाली, पण सुरुवातीला एक निळसर भपका आला आणि मग दहा सेकंदांत साफ. नंतर फिरवताना आरशात बघत राहिलो, धूर नाही. कागद जुळतात. हा भपका म्हणजे काय समजायचं? मीटर 41 हजार बघून बायको म्हणतेय ते 18 हजारवालं काय वाईट होतं.

सुटा_बोल्ट:
उभी असताना व्हॉल्व्हच्या सीलमधून थोडं ऑइल खाली झिरपतं, चालू केल्यावर तेवढं जळतं आणि संपतं. सील कडक झालीत, 11 वर्षांत होणारच. अॅक्सिलरेटर पिळताना धूर येत राहिला असता तर रिंगा किंवा बोअर, तो मोठा खर्च. इथे तसं दिसत नाही. वहीत दोन ऑइल बदलांमध्ये मधे ऑइल वाढवल्याची नोंद आहे का बघा, नसेल तर निवांत घ्या आणि सीलचं काम किंमत ठरवताना बोला. वहिनींना सांगा, 41 हजार लिहून ठेवलेले आहेत, 18 हजार नुसते सांगितलेले होते.

अबोली:
वही असलेली गाडी आणि वहीवाला माणूस, दोन्ही सोडू नका.

रिझर्व्हवर:
घेतलीत की वहीपण मागून घ्या. त्यांना द्यायला जड जाईल.

तिसरा_गिअर:
घेतली. नावावर झाल्यावर उरलेले पैसे दिले. वही खरंच द्यायला जड गेली त्यांना, शेवटच्या पानावर स्वतःचा नंबर लिहून दिला, म्हणाले काही अडलं तर.
आणि हाफक्लचभाऊ, तुम्ही विशेष लिहून घ्या म्हणालात, मी लिहूनही घेतलं होतं. तरी त्यांच्याच गेटमधून हळू बाहेर पडताना हँडल वळलेलं, समोर मांजर आलं, आणि पुढचा ब्रेक. जागच्या जागी आडवी, उजवीकडे. ते गृहस्थ बघत होते. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

हाफक्लच:
अभिनंदन, झालं एकदाचं. गेटसारख्या जागी फक्त मागचा ब्रेक आणि हाफ क्लच, पुढच्या लिव्हरवरून बोटंच काढून ठेवा. उचललीत कशी?

तिसरा_गिअर:
दोघांनी मिळून. पाठीत उसण भरली.

रिझर्व्हवर:
पुढच्या वेळी: आधी चावी बंद, पहिला गिअर टाका म्हणजे घरंगळणार नाही, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. मग सीटला पाठ लावून खाली बसा, एका हाताने मूठ, दुसऱ्याने मागची फ्रेम, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर उलट्या पावली ढकलत उठा. मी या वयात एकट्याने उचलतो. जोरात ढकललीत तर पलीकडे पडते, तेही करून झालंय.

तिसरा_गिअर:
पहिला आठवडा झाला. रोज सकाळी लवकर उठून मैदानात जातोय, आठ आकडा काढतोय, 40 वरून ब्रेक मारतोय, मूठ ढकलतोय. हळूहळू परत येतंय सगळं. पण एक तक्रार आहे. ब्रेक सांगितलात, क्लच सांगितलात, विल्बरसुद्धा सांगितलात. पण कारसारखा इंडिकेटर बाईकवर आपोआप बंद होत नाही हे एकानेही सांगितलं नाही. आज ऑफिसपर्यंत डावा इंडिकेटर चालू, 3 किलोमीटर.

किकमारे:
म्हणजे आज सकाळपासून तुमच्या वळण्याची वाट बघत मागून येत असलेला माणूस तुम्हीच पळवलात तर. तो मीच होतो असं म्हणणार होतो, पण मी उजवा लावून पुढे गेलो होतो आणि अजून चालूच आहे.

वंगण:
वळण संपलं की अंगठ्याने बटण आत दाबायचं, इंडिकेटर चालू असो नसो. महिनाभरात अंगठा आपला आपण करायला लागतो. माझा तर कारमध्येपण करतो, स्टिअरिंगवर नसलेलं बटण शोधत.